खोळंबा नको म्हणून : ठाण्याहून निघालेल्या एका लडाख सहलीचा प्रकरण अभ्यास

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सहल कंपनीच्या कचेरीत मी गेली चौदा वर्षे आखणीचे काम करते. विमानाची तिकिटे, हॉटेलांच्या खोल्या, गाड्या, जेवणाच्या वेळा आणि कोणी कोणाबरोबर खोलीत राहायचे याची यादी, जिला आम्ही रूमिंग लिस्ट म्हणतो, हे सगळे माझ्या टेबलावरून जाते. प्रवाशांबरोबर टूर मॅनेजर जातो, मी ठाण्यातच असते. पुढे मांडलेले प्रकरण दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधले आहे. त्यात एका प्रवासी बाईंचा जीव धोक्यात आला होता. त्या वाचल्या, आज ठणठणीत आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच, कोणाचेही नाव न घालता, मी हे लिहीत आहे. लिहावेसे वाटण्याचे कारण असे की, त्या रात्रीपर्यंत नेणारा एकही निर्णय बेफिकिरीने घेतलेला नव्हता. प्रत्येक निर्णयामागे कोणाची तरी गैरसोय टाळण्याचा चांगला हेतू होता, आणि ते सगळे चांगले हेतू एकत्र येऊनच ती रात्र ओढवली.

आखणी आणि तिच्यातली उंची

तुकडी २६ जणांची होती. त्यात पाचपाखाडीतल्या एकाच घरातल्या तीन जावा आणि त्यांची नणंद अशा चौघी होत्या. दोन वर्षे आपसात भिशी लावून त्यांनी सहलीचे पैसे जमवले होते, आणि नवरे-मुले मागे ठेवून केलेला त्यांचा हा पहिलाच प्रवास होता. थोरल्या जाऊबाई ६३ वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी नियमित घेणाऱ्या आणि रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या. आमचा टूर मॅनेजर त्यांना थोरल्या काकू म्हणत असे. इथेही तेच नाव वापरते.

छापील कार्यक्रम लडाखमध्ये आठ दिवसांचा होता. पहिले दोन दिवस लेह, तिसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड (लडाखी भाषेत 'ला' म्हणजे खिंड) ओलांडून नुब्रा खोऱ्यात हुंदरला दोन रात्री, पाचव्या दिवशी श्योक नदीच्या काठाने थेट पँगाँग सरोवर, सहाव्या दिवशी चांग ला ओलांडून परत लेह, सातवा दिवस लेहमध्ये आणि आठव्या दिवशी परतीचे विमान. बाजारात अनेक कंपन्या साधारण याच क्रमाने लडाख विकतात. हुंदरहून पुन्हा लेहला न येता परस्पर पँगाँगला गेल्यामुळे एक दिवस वाचतो, आणि गिऱ्हाईक दोन कंपन्यांची पत्रके शेजारी ठेवून पहिल्यांदा दिवस आणि मग किंमत बघते, हे काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हाच कार्यक्रम उंचीच्या भाषेत वाचला की वेगळा दिसतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहे, आणि दिल्लीहून विमानाने माणूस तिथे दीड तासाच्या आत पोहोचतो. तिथल्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच प्रमाणात कमी मिळतो. शरीर श्वासाची गती वाढवून ही तूट भरून काढू लागते, पण या जुळवणीला काही दिवस लागतात. झोपेत श्वास मंदावतो. त्यामुळे दिवसा किती उंचीवर जाऊन आलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो याला जास्त महत्त्व आहे. पर्वतीय वैद्यकातला रूढ नियम असा आहे की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा विश्रांतीचा दिवस ठेवावा. रोज चालण्याने, ट्रेकिंगने किंवा तरुण वयाने उंचीच्या या त्रासापासून बचाव होत नाही. उलट धडधाकट माणूस पहिल्याच दिवशी जिने भराभर चढतो आणि आडवा होतो, असे आमचे टूर मॅनेजर वारंवार सांगतात.

हुंदर सुमारे ३,१०० मीटरवर आहे आणि पँगाँगचे पाणी सुमारे ४,२५० मीटरवर. एका दिवसात झोपण्याची उंची अकराशे मीटरहून अधिक वाढत होती, म्हणजे नियमाच्या दुपटीहूनही जास्त. हे आमच्या पत्रकात पहिल्यापासून होते, आणि ते मीच आखले होते. पुढे जे घडले त्याचे खापर विमानाच्या उशिरावर फोडणे सोपे होते, पण विमान वेळेवर निघाले असते तरी ही उडी कार्यक्रमात होतीच. सुरुवातीच्या दोन संथ दिवसांच्या जोरावर ती बहुतेकांच्या अंगावर येत नव्हती, एवढेच.

दिल्लीतला दिवस

तुकडी संध्याकाळी तीन हात नाक्याहून बसने विमानतळावर गेली, रात्री दिल्लीला पोहोचली आणि पहाटे लेहच्या विमानासाठी रांगेत उभी राहिली. लेहला ढग उतरले होते आणि विमान रद्द झाले. लेहचा विमानतळ डोंगरांमध्ये आहे, दुपारी तिथे वारे वाढतात, म्हणून बहुतेक विमाने सकाळीच ये-जा करतात. सकाळ हातची गेली की बहुधा अख्खा दिवसच जातो. विमान कंपनीने दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानात सगळ्यांची सोय केली.

त्या दुपारी दिल्लीतला टूर मॅनेजर, लेहचा आमचा स्थानिक एजंट आणि मी असे तिघे फोनवर बोललो. तो फोन अकरा मिनिटांचा होता. एक दिवस कमी झाला होता आणि कुठली तरी एक रात्र कापायची होती. हुंदरची दुसरी रात्र कापली असती तर तिथल्या चौदा खोल्यांचे पैसे परत मिळणार नव्हते, वाळूवरचे दोन वशिंडांचे उंट हातचे जाणार होते आणि तुर्तुक हुकणार होते. १९७१ च्या युद्धात भारताच्या ताब्यात आलेल्या या सीमेजवळच्या गावाचे छायाचित्र आमच्या पत्रकाच्या पहिल्याच पानावर होते. लेहची दुसरी रात्र कापली तर शांती स्तूप आणि निमूजवळचा सिंधू-झंस्कारचा संगम एवढेच जाणार होते, आणि तेही सातव्या दिवशी करता येण्यासारखे होते. मी म्हणाले, "लेहमध्ये दुसऱ्या दिवशी तसे काही नाहीच." टूर मॅनेजर म्हणाला, "हुंदर लेहपेक्षा खालीच आहे ताई, त्रास झाला तर तिथे कमीच होईल." एजंटने होकार दिला. पुढच्या सकाळी तुकडी लेहला उतरली आणि तिथे एकच रात्र झोपून तिच्यापुढच्या सकाळी ५,३५९ मीटरच्या खारदुंग लाकडे निघाली.

"तसे काही नाहीच" हे वाक्य मी त्यानंतर फार वेळा आठवले आहे. आमच्या धंद्यात दिवसाची किंमत त्या दिवशी दाखवायच्या ठिकाणांवरून ठरते. ज्या दिवशी काही दाखवायचे नाही तो रिकामा, आणि अडचण आली की पहिल्यांदा रिकाम्याला कात्री लागते. माझे आजोबा वारीला जात, त्यामुळे एक गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती, पण कामाच्या टेबलावर ती कधी आठवली नव्हती. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यात दोन मुक्काम करते, दिवेघाट चढते आणि सासवडला पुन्हा दोन मुक्काम करते. वाटेत विसावे असतात, त्यांच्या जागा नेमून दिलेल्या असतात आणि उशीर झाला म्हणून कोणी विसावा गाळत नाही. हजारोंना पायी नेणारी ती व्यवस्था विश्रांतीला कार्यक्रमाचाच भाग मानते. लेहमधला आमचा दुसरा दिवस हा तसाच विसावा होता. आम्ही पत्रकात त्याला 'स्थानिक स्थळदर्शन' असे नाव दिले होते, आणि त्या नावामुळे तो का ठेवला आहे हे आम्हीच विसरलो.

तिघांना ठाऊक असलेले

लेहच्या पहिल्या रात्री थोरल्या काकूंचे डोके दुखू लागले. त्यांनी ते पित्त समजून गोळी घेतली, कपाळाला बाम चोळला आणि घरून नेलेली कापराची पुरचुंडी उशाशी ठेवली. आमच्याकडे लडाखला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण कापूर नेतो. कापराच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते खरे, पण रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही, हे आता आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. पहाटे त्यांना दोनदा उलटी झाली. खोलीत धाकट्या जाऊबाई होत्या. त्यांनी टूर मॅनेजरला उठवते म्हटल्यावर थोरल्यांनी हात धरला आणि म्हणाल्या, "कोणाला काही बोलू नकोस हं. एकीमुळे सगळ्यांचा खोळंबा नको." धाकट्यांनी थोरल्यांचा शब्द मानला. त्या घरात तो मानला जातोच.

सकाळी नाश्त्याच्या वेळी टूर मॅनेजरने टाळ्या वाजवून सगळ्यांना विचारले, "काय मंडळी, सगळे मस्त ना?" सगळे एका सुरात ओरडले, "मस्त!" त्याच्या वहीत त्या दिवशी 'सर्व प्रवासी ठीक' अशी नोंद आहे. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारा पल्स ऑक्सिमीटर त्याच्या बॅगेत होता. करोनाच्या काळापासून ते यंत्र घरोघरी आहे आणि आम्ही प्रत्येक टूर मॅनेजरला एक देतो. पण सव्वीस जणांची बोटे तपासायला लागणारा वेळ त्या सकाळच्या वेळापत्रकात कुठेच नव्हता. उशीर भरून काढायचा म्हणून गाड्या साडेसातलाच सुटल्या.

खारदुंग लाच्या वाटेवर तिसऱ्या गाडीच्या लडाखी चालकाला काकूंनी दोनदा गाडी थांबवायला सांगितले आणि दोन्ही वेळा त्या खाली मान घालून रस्त्याच्या कडेला बसल्या. टूर मॅनेजर पहिल्या गाडीत होता. घाटात मळमळणारे प्रवासी चालक रोज बघतात, म्हणून त्यानेही ते कोणाला सांगितले नाही. हुंदरला उतरल्यावर काकूंना जरा बरे वाटले. ते स्वाभाविक होते, कारण त्या चारशे मीटर खाली आल्या होत्या. पण या उताराने सगळ्यांचीच दिशाभूल केली, काकूंची स्वतःचीसुद्धा. तुर्तुकच्या फेरीला त्या गेल्या नाहीत, पाय दुखतात म्हणाल्या.

आमच्या तुकडीबरोबर आमचा स्वयंपाकी असतो, त्याला सगळे महाराज म्हणतात. दोन दिवस काकूंचे ताट जसेच्या तसे परत येत होते आणि त्या फक्त भाताची पेज मागून घेत होत्या, हे महाराजांनी पाहिले होते. पहिल्या रात्री त्यांनी पेजेत तूप-मीठ घालून दिले, दुसऱ्या दिवशी न विचारताच पेज वेगळी काढून ठेवली. त्यांनी त्यांच्या परीने काळजीच घेतली. भूक मरणे हे उंचीच्या त्रासाचे एक ठळक लक्षण आहे, हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते, कारण आमच्या प्रशिक्षणाला आम्ही स्वयंपाक्यांना बोलावतच नव्हतो.

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. उलट्या धाकट्या जाऊबाईंना माहीत होत्या, गाडी थांबवणे चालकाला माहीत होते, परतणारे ताट महाराजांना माहीत होते. डोकेदुखी, मळमळ, अशक्तपणा आणि मेलेली भूक या चारही गोष्टी तुकडीत कोणाला ना कोणाला ठाऊक होत्या. त्या एकत्र ऐकल्या असत्या तर नवख्या टूर मॅनेजरलाही काकूंना पँगाँगला न नेण्याचा निर्णय दोन मिनिटांत घेता आला असता. ज्याच्या हातात निर्णय होता त्याच्यापर्यंत यातले काहीच पोहोचले नाही. त्याने सगळ्यांना विचारले होते, पण एकेकाला विचारले नव्हते.

एकटा प्रवास करणारा माणूस आजारी पडला तर तो आपल्या पैशाने, आपल्या वेळेने थांबतो. गटात माणसाला थांबायची लाज वाटते. सव्वीस जणांनी वर्षभर वाट पाहिलेली सहल आपल्या डोकेदुखीने अडते आहे, ही कल्पनाच चांगल्या माणसाला सहन होत नाही. म्हणून जो जितका समजूतदार, तितका तो त्रास लपवण्याची शक्यता जास्त. तक्रारखोर प्रवाशांची आम्हाला कधी काळजी वाटत नाही, त्यांचे दुखणे पहिल्या तासात कळते. काकूंसारखी माणसे, जी खिडकीची जागा दुसऱ्याला देतात आणि कमी पडले तर जेवण झाले म्हणतात, त्यांचे दुखणे सगळ्यांत उशिरा कळते.

पँगाँगची रात्र

पँगाँगच्या काठी तुकडी दुपारी चारला पोहोचली. काकू तंबूतच झोपून राहिल्या, रात्रीच्या जेवणाला आल्या नाहीत. दीडच्या सुमारास त्या स्वच्छतागृहाकडे जायला उठल्या तेव्हा धाकट्या जाऊबाईंनी पाहिले की त्यांचे पाऊल सरळ पडत नाही, त्या तंबूच्या खांबाला धरून उभ्या आहेत आणि आपण कुठे आहोत हे त्यांना नीट सांगता येत नाही. तेव्हा मात्र त्यांनी दिलेला शब्द मोडला आणि तशाच अनवाणी टूर मॅनेजरच्या तंबूकडे धावल्या.

त्या मुलाचे वय तेव्हा सत्तावीस होते, आणि त्यानंतर त्याने जे केले त्याबद्दल मला अभिमान आहे. त्याने ऑक्सिमीटर लावला, आकडा ६१ आला, म्हणजे फारच कमी. प्रशिक्षणात शिकवलेली एक साधी चाचणी त्याला आठवली. सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चालायला सांगायचे. काकू तीन पावलेही टाकू शकल्या नाहीत. तोल जाणे आणि भान हरपणे ही मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असते, आणि तिथे सकाळपर्यंत थांबणे म्हणजे जीवाशी खेळ. त्याने तंबूवाल्यांकडचा प्राणवायूचा सिलिंडर मागवला, लावला आणि खाली न्यायचे ठरवले.

पण खाली म्हणजे कुठे? नकाशावर लेह खाली आहे, पण पँगाँगहून लेहला जाण्याच्या वाटेत सुमारे ५,३६० मीटरचा चांग ला आहे. खाली उतरण्यासाठी आधी अकराशे मीटर वर चढावे लागते. श्योकच्या वाटेने खिंड न ओलांडता नुब्राकडे उतरता येते, पण तो रस्ता लांबचा आणि रात्री एकाकी. तुकडीला कुठे झोपवायचे याचा विचार मी केला होता, पण रात्री दोन वाजता तिथून आजारी माणसाला कोणत्या वाटेने काढायचे याचा विचार माझ्या आखणीत नव्हता. तो विचार तिसऱ्या गाडीच्या चालकाने केला. तो म्हणाला की आत्ता खिंडीचे नाव काढू नका, आधी तांगत्से गाठू, ते तळ्यापेक्षा खाली आहे आणि तिथे आरोग्य केंद्र आहे.

तांगत्सेच्या डॉक्टरांनी प्राणवायू आणि इंजेक्शन देऊन काकूंना पहाटेपर्यंत स्थिर केले आणि उजाडल्यावर सिलिंडर व एक आरोग्य कर्मचारी बरोबर देऊन, वाटेत कुठेही न थांबण्याच्या सूचनेसह लेहकडे पाठवले. चांग ला त्यांनी प्राणवायू लावलेल्या अवस्थेत ओलांडला. लेहच्या रुग्णालयात त्या तीन दिवस होत्या. चौथ्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत विमानात बसल्या.

मला फोन आला तो पहाटे चार वाजता, तांगत्सेहून. घरच्यांना कळवणे माझे काम होते, आणि तिथे आमच्या फॉर्मची उणीव उघडी पडली. 'आणीबाणीत संपर्क' या रकान्यात चौघींनी एकमेकींचे नंबर लिहिले होते. चौघीही सहलीवर होत्या, आणि महाराष्ट्रातली प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नसल्यामुळे चौघींचेही फोन बंद होते. काकूंच्या मुलाचा ऐरोलीचा नंबर मला पावणेपाचला सापडला, तोही जानेवारीत चौकशीला फोन केला तेव्हा काउंटरवरच्या मुलीने वहीच्या समासात लिहून ठेवला होता म्हणून. तो फॉर्म सात वर्षे वापरात होता आणि भरलेले रकाने तपासून मी स्वतः त्यावर सही करत होते. रकाना भरला आहे एवढे मी बघत होते.

पत्र

टूर मॅनेजर काकूंबरोबर गेला आणि उरलेल्या सगळ्यांना दोन गाड्यांत दाटीने बसवून महाराजांनी लेहला आणले. तीन कुटुंबांनी परतल्यावर लेखी तक्रार केली की परक्या मुलखात, तेवढ्या उंचीवर, कंपनीने त्यांना वाऱ्यावर सोडले. तक्रार खरी होती. काकूंना सोडून तो मुलगा तुकडीबरोबर थांबला असता तर ते जास्त चूक ठरले असते, हेही खरे. एकाच माणसाला दोन ठिकाणी असणे भाग पडले, आणि ती वेळ तुकडीबरोबर एकच टूर मॅनेजर पाठवण्याच्या आमच्या काटकसरीने आणली होती.

तक्रारीच्या उत्तराचा पहिला मसुदा मी लिहिला. त्यात असे होते की संबंधित प्रवाशाने प्रकृतीविषयीची माहिती वेळेवर दिली नाही, आणि निघण्यापूर्वी सही केलेल्या हमीपत्रानुसार ती देण्याची जबाबदारी त्यांची होती. कागदोपत्री ते बिनचूक होते. पाठवण्यापूर्वी मी काकूंना भेटायला पाचपाखाडीला गेले, आणि तो मसुदा पर्समध्येच राहिला. त्यांनी चहा केला, धाकट्या जाऊबाईही येऊन बसल्या. मी विचारले की लेहलाच का नाही सांगितलेत. काकू म्हणाल्या, "अगं, सगळे मस्त ना, असं विचारल्यावर नाही कोण म्हणणार? आणि सांगितलं असतं तरी तुम्ही केलं काय असतंत? मला एकटीला लेहला ठेवलं असतंत की सगळ्यांना थांबवलं असतंत? हिचं पँगाँग गेलं असतं माझ्यापायी."

या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मागे राहिलेल्या माणसाची सोय काय, त्याच्याजवळ कोण थांबणार, हॉटेलचे पैसे कोण देणार, बरोबरच्यांची सहल चालू राहील का, यातले काहीही आमच्या पत्रकात, सभेत किंवा करारात नव्हते. काकूंनी त्रास लपवला तो हट्टाने लपवला नाही. सांगण्याची किंमत जावांना मोजावी लागेल असा त्यांचा हिशेब होता, आणि आम्ही त्यांना जे काही सांगितले होते त्यावरून तो हिशेब बरोबरच होता. तक्रारदारांना मी नंतर दुसरे पत्र लिहिले. त्यात आखणीतली उंचीची उडी, दिल्लीतला निर्णय आणि एकाच टूर मॅनेजरची उणीव, तिन्ही गोष्टी कंपनीच्या म्हणून लिहिल्या. मालकांनी वाचून एक दिवस घेतला आणि मग सही केली.

बदललेला कार्यक्रम

आता आमची सहल दहा दिवसांची आहे. लेहमध्ये सुरुवातीला तीन रात्री आहेत, आणि विमान चुकले तर कापायची रात्र कोणती हे निघण्यापूर्वीच लिहून ठेवलेले असते, ते दिल्लीहून फोनवर ठरत नाही. हुंदरहून तुकडी पुन्हा लेहला येऊन झोपते. पँगाँगच्या काठी आम्ही मुक्काम करत नाही. तळे दुपारी पाहायचे आणि रात्री तांगत्सेला यायचे, ज्याची उंची सुमारे ४,००० मीटर, म्हणजे लेहपेक्षा पाचशेच्या आसपासच अधिक आहे. पत्रकात प्रत्येक मुक्कामाच्या नावाखाली त्याची उंची छापलेली असते. या बदलात आम्ही तळ्याकाठचा तंबू आणि पहाटेचे निळे पाणी गमावले, आणि ते लहान नुकसान नाही. मी स्वतः ते पाणी पाहिले आहे.

तुकडीबरोबर दोघे जातात. सकाळी ते प्रत्येक खोलीच्या दाराशी जाऊन ऑक्सिमीटर लावतात आणि "बरे आहात ना" असे न विचारता "रात्री डोके किती दुखले, किती वेळा उठलात, काल रात्री काय जेवलात" असे विचारतात. संध्याकाळी महाराज, तिन्ही चालक आणि दोघे टूर मॅनेजर दहा मिनिटे एकत्र बसतात आणि प्रत्येक जण त्या दिवशी पाहिलेले सांगतो, कितीही क्षुल्लक असले तरी. पहिल्या वर्षी महाराजांना यात बोलायला संकोच वाटत असे. आता सगळ्यांत आधी तेच बोलतात, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखे सगळ्यांत जास्त असते.

निघण्यापूर्वीची सभा घंटाळीला सहयोग मंदिरात होते. आणीबाणीचा नंबर सहलीवर नसलेल्या माणसाचाच घेतो आणि सभेत बसल्या बसल्या त्यावर फोन लावून बघतो. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी घ्यायची की नाही हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवायचे असते, विशेषतः सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर. आम्ही ती वाटत नाही. मग मी काकूंच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण त्या सभेत मला सर्वांत महत्त्वाचे तेच वाटते. जो थांबेल त्याच्याजवळ आमचा दुसरा माणूस थांबेल, लेहमधल्या जादा रात्रींचे आणि तिकीट बदलाचे पैसे कंपनी देईल, आणि बाकीच्यांचा कार्यक्रम एका तासानेही हलणार नाही. यासाठी प्रत्येक जागेमागे पंधराशे रुपये आधीच बाजूला काढलेले असतात. गेल्या वर्षी कोलशेतचे एक गृहस्थ तिसऱ्या सकाळी आपणहून म्हणाले की डोके दुखते आहे, मी इथेच थांबतो, तुम्ही हिला घेऊन जा. त्यांची पत्नी हुंदर पाहून परत आली तेव्हा ते लेहच्या बाजारात जर्दाळू घेत होते.

दहा दिवसांची सहल आठ दिवसांच्या सहलीपेक्षा महाग पडते. काउंटरवर अजून रोज कोणीतरी विचारते की दुसरीकडे सात दिवसांत होते, पँगाँगला रात्रीचा मुक्कामही मिळतो, मग तुमच्याकडे दहा का. काउंटरवरची मुलगी उंचीचा तक्ता पुढे करते आणि समजावून सांगते. काही जण बसून नीट ऐकतात आणि नाव नोंदवतात, काही जण पत्रक घडी करून निघून जातात. यंदाची जूनची तुकडी भरली आहे. ऑगस्टच्या तुकडीत अजून नऊ जागा रिकाम्या आहेत.